भेंडीचे भाऊबंद, एका घासात

भेंडी, जास्वंद, अंबाडी, कापूस, काटेसावर. एकाच कुळातली ही भावंडं. त्यांच्या यादीत आणखी दोन नावं घाला: चॉकलेट आणि मार्शमॅलो. थट्टा नाही, वनस्पतिशास्त्र आहे. कोकोचं झाड पूर्वी वेगळ्या कुळात बसवलेलं होतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जनुकांच्या अभ्यासावरून वनस्पतींच्या कुळांची फेरमांडणी झाली आणि कोकोची रवानगी भेंडीच्या घरात, म्हणजे मालव्हेसी कुळात झाली. मार्शमॅलो ही मुळात दलदलीत वाढणारी वनस्पती. युनानी औषधांत तिला खतमी म्हणतात. तिच्या मुळात भेंडीत असतो तसलाच बुळबुळीत चिकट द्रव असतो. फ्रान्समधले मिठाईवाले एकोणिसाव्या शतकात तो अंड्याच्या पांढऱ्यात आणि साखरेत घोटायचे आणि घसा बसलेल्या गिऱ्हाइकांना विकायचे. औषध गोड निघालं की त्याचा खाऊ होतो, तसंच झालं. पुढे मुळाच्या जागी जिलेटिन आलं. आज पाकिटातल्या मार्शमॅलोत ती वनस्पती औषधालाही सापडत नाही.

तेव्हा चॉकलेट-मार्शमॅलोचा मिनी टार्ट हे भेंडीच्या चुलत भावंडांचं स्नेहसंमेलन समजा. मैदा तेवढा बाहेरचा पाहुणा, तो गवताच्या कुळातला.

दिसायला विलायती असला तरी या टार्टला लागणारी बहुतेक सगळी अक्कल दिवाळीचा फराळ करणाऱ्या घरात आधीच असते. मोहन किती घालायचं ते कळतं, पाक कधी उतरवायचा ते कळतं. नवीन शिकायचं ते एवढंच, की चॉकलेट कशानं रुसतं. ते रुसतं मात्र खूप.

आधी वाटी

करंजीच्या पिठाला आपण कडकडीत मोहन घालतो ते कशासाठी? पिठात पाणी पडून मळलं की ग्लुटेनचे लांब, चिवट धागे तयार होतात. पोळीला ते हवेत, करंजीला नकोत. तूप पिठाच्या कणांभोवती पातळ थर धरतं, पाणी आत शिरू देत नाही, धागे आखूड राहतात आणि करंजी खुसखुशीत होते. टार्टच्या वाटीचं गणित नेमकं तेच, फक्त उलट तापमानाचं. इथे लोणी फ्रीजमधून काढलेलं, थंडगार. कारण लोण्यात फक्त स्निग्धांश नसतो, १६ टक्क्यांपर्यंत पाणीही असतं. लोणी वितळलं की हे पाणी मोकळं होऊन मैद्याला भिडतं आणि जे धागे टाळायचे होते तेच बनतात. साजूक तुपात पाणी जवळपास नसतंच. तुपाची वाटी केलीत तर ती नानकटाईच्या वळणावर जाते: चवीला बहारदार, पण साच्यातून काढताना जिवाला घोर.

चोवीस मिनी टार्टसाठी माप असं: १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम थंड लोणी, ४० ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ, दोन चमचे गार दूध. लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लावायचा नाही, तो गरम असतो. रवाळ झालं की दूध शिंपडून गोळा करायचा, मळायचा नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून लाटायचा, वाटीच्या काठानं चकत्या पाडायच्या आणि मिनी मफिनच्या ट्रेमध्ये बसवायच्या. तळाला काट्यानं टोचे मारायचे म्हणजे वाफ बाहेर पडते. नाहीतर पुरीसारखी टम्म फुगून वाटीची टेकडी होते, आणि टेकडीत चॉकलेट भरता येत नाही. जगभरचे बेकर या कामासाठी कोऱ्या वाटीत कागद घालून त्यावर कडधान्य भरतात. आपल्याकडे राजमा किंवा हरभरे चालतात. ते नंतर शिजत नाहीत, पण बरणीत ठेवून वर्षानुवर्षं याच कामाला वापरता येतात. ओव्हन १८० अंशांवर, वेळ १२ ते १४ मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत.

३ मीटर ३९ सेंटिमीटर कडा

एवढा खटाटोप करून मिनीच का? एक मोठा टार्ट करून कापला असता! तर मोजपट्टी घ्या. २२ सेंटिमीटर व्यासाच्या मोठ्या टार्टचा तळ आणि साडेचार सेंटिमीटर व्यासाच्या चोवीस टार्टचे तळ, दोन्हींचं क्षेत्रफळ जवळपास तंतोतंत सारखं भरतं, सुमारे ३८० चौरस सेंटिमीटर. सारण तेवढंच मावतं. पण कडा? मोठ्याची ६९ सेंटिमीटर. चोवीस छोट्यांची मिळून ३ मीटर ३९ सेंटिमीटर. पाचपट! ज्यांना कुरकुरीत कडाच आवडते (आणि प्रत्येक घरात असा एक तरी असतो जो पिझ्झ्याची कडा मागून घेतो) त्यांच्यासाठी भूमितीनं दिलेली ही भेट आहे. शिवाय मोठ्या टार्टवर सुरी चालवताना मार्शमॅलो सुरीला धरून निघून येतं. छोट्याला सुरीच लागत नाही.

आकार बदलला की पदार्थाचा स्वभाव बदलतो, हे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात प्राण्यांच्या बाबतीत झकास सांगितलं होतं. उंदीर खोल खाणीत पडला तर थोडा दचकून चालू लागतो, घोड्याचं तसं होत नाही. हे हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. टार्टबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही, पण नियम तोच. आकार लहान केला की घनफळ झपाट्यानं उतरतं आणि पृष्ठभाग त्या मानानं कमी उतरतो. म्हणून मिनी टार्ट लवकर भाजतो आणि तितक्याच लवकर करपतोही. शेवटच्या तीन मिनिटांत फोन उचलू नका.

बिस्किटांचं खानदान

ओव्हन नसेल किंवा कंटाळा असेल, तर बिस्किटं कुटून त्यात वितळलेलं लोणी घाला, साच्यात दाबून बसवा आणि फ्रीजमध्ये घट्ट करा. बिस्किट कोणतं? इथे नुसती चव निवडायची नाही, इतिहासही निवडायचा आहे.

मारी बिस्किट हे लग्नाचं बिस्किट. १८७४ मध्ये रशियाच्या झारची मुलगी मारिया आणि व्हिक्टोरिया राणीचा मुलगा आल्फ्रेड यांचं लग्न झालं. त्या निमित्तानं लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं हे बिस्किट काढलं. राजकन्येचं नाव चहात बुडवण्याची प्रथा भारतात घरोघर आहे.

अमेरिकेत टार्टच्या तळाला आणि चॉकलेट-मार्शमॅलोच्या जोडीला लागतं ते ग्रॅहम क्रॅकर. त्याची कथा तर खासच. सिल्व्हेस्टर ग्रॅहम हे एकोणिसाव्या शतकातले धर्मोपदेशक. मसाले, मांस, मद्य आणि चमचमीत खाणं माणसाच्या वासना चाळवतं, असं त्यांचं ठाम मत. त्यावर उतारा म्हणून त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या बेचव भाकरीचा प्रचार केला. १८५१ मध्ये ते वारले. पुढे त्यांच्या नावाची बिस्किटं निघाली, मग त्यांत साखर आली, मध आला. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सच्या एका पुस्तकात कृती छापून आली: ग्रॅहम क्रॅकर घ्या, त्यावर चॉकलेट ठेवा, शेकोटीवर भाजलेलं मार्शमॅलो दाबा, वर दुसरा क्रॅकर. हे खाऊन झालं की पोरं आणखी मागतात, म्हणून त्याचं नावही तसंच पडलं: स्मोअर. आपला मिनी टार्ट हा त्याचाच टेबलावर बसून खाता येणारा वारसदार. संयमाचा उपदेश करणाऱ्या गृहस्थांचं नाव जगातल्या सर्वांत असंयमी खाऊला चिकटलं. नियतीलाही गोड दात असतो म्हणायचा.

टार्टवरून थेट कोर्टकचेरीही झालेली आहे, पण पुस्तकात. १८६५ च्या ‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये राणीचे टार्ट चोरल्याचा खटला उभा राहतो. चोवीस टार्ट फ्रीजमध्ये ठेवून झोपलात तर तुमच्याही घरी सकाळी साक्षीपुरावे सुरू होतील.

सहा अवतारांचं लोणी

कोकोची फळं थेट झाडाच्या खोडाला लगडतात. फुलं नखाएवढी, आणि त्यांचं परागीभवन करतात ती इवलीशी चिलटं. मधमाश्यांना तिथे शिरताच येत नाही. जगातलं निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांतून येतं. भारतात केरळ, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत ते पिकतं. माणसाला मात्र त्याची चव फार जुनी. इक्वाडोरमध्ये सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे अंश सापडले आहेत. ॲझ्टेक लोक कोकोच्या बिया चलन म्हणून वापरत, आणि चलन आलं की भामटे आलेच. ते बियांचा गर काढून टरफलात माती भरत आणि बाजारात खपवत.

इतकी हजार वर्षं चॉकलेट प्यायलं जात होतं, चावून खाल्लं जात नव्हतं. १८२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हूटेन यांच्या कारखान्यात कोको दाबून त्यातलं लोणी वेगळं काढण्याचं यंत्र आलं. हे लोणी हाताशी आल्यावर ते कोकोत वरून घालून वडी पाडता येऊ लागली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं १८४७ मध्ये पहिली खायची वडी काढली. दूध घातलेलं चॉकलेट १८७५ चं, स्वित्झर्लंडच्या दानिएल पीटर यांचं. म्हणजे चॉकलेटची वडी ही मुंबई-ठाणे रेल्वेपेक्षा जेमतेम सहा वर्षांनी मोठी.

आता रुसव्याकडे येऊ. कोकोचं लोणी गोठताना सहा वेगवेगळ्या तऱ्हेचे स्फटिक बनवू शकतं. सहांपैकी पाचवाच आपल्या कामाचा. तो चकाकतो, तोडला की कटकन आवाज होतो आणि ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे जिभेवर ठेवताच, वितळतो. बाकीचे मऊ पडतात, मळकट दिसतात किंवा वितळायला उगीच वेळ लावतात. पाचवाच हवा असेल तर डार्क चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांवर वितळवायचं, मग २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ ला आणायचं. याला टेंपरिंग म्हणतात. मे महिन्यात नागपूरला हा प्रयोग करू नये. बाहेर ४५ अंश असताना चॉकलेट स्वतःहूनच पहिल्या पायरीवर उभं असतं.

आनंदाची बातमी: या टार्टला टेंपरिंग लागतच नाही. क्रीम आणि चॉकलेट एकत्र केलं की गनाश होतं, आणि त्याला मऊच राहायचं असतं. १५० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. टेट्रापॅकमधलं १२० मिलिलिटर क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळू नका. ते चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात मागे बांधून उभे राहा. हाच यातला सर्वांत अवघड भाग. मग मधून सुरुवात करून हळूहळू बाहेरच्या बाजूला ढवळत जा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या कंपाउंडमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, म्हणून ते टेंपरिंगशिवायही घट्ट होतं. वरून बुडवायला ते चालेल. गनाशला मात्र खरं चॉकलेट घ्या, कंपाउंडचं गनाश टाळूला मेणासारखं चिकटून बसतं.

आणि पाणी! डबल बॉयलरवर वितळणाऱ्या चॉकलेटमध्ये वाफेचे दोन थेंब पडले की ते क्षणात आळतं, दगड होतं. कारण चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण लोण्यात तरंगत असतात. थोडंसं पाणी मिळालं की ते ओले होऊन एकमेकांना बिलगतात. यावरचा उपाय ऐकून हसू येईल: आणखी पाणी घाला. चमचाभर गरम पाणी किंवा दूध घालून घोटलं की कण सुटे होतात आणि सॉस तयार. थेंबभर मारक, चमचाभर तारक. चॉकलेटवर पांढुरके डाग दिसले की बुरशी म्हणून ते फेकून देणारे बरेच भेटतात. ते बहुधा वर आलेलं लोणी किंवा साखर असते. गनाशमध्ये ते बिनधास्त वितळवा. चिमूटभर मीठही विसरू नका. मीठ कडवटपणा दाबतं आणि त्यामुळे गोडी पुढे येते.

एक धोक्याची सूचना: चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांना पचत नाही, त्यांच्यासाठी ते विष आहे. चोरीच्या खटल्यात मोती आरोपी ठरला तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन.

कोकण मध्येच कुठून आलं?

युरोपीय संघानं २००० साली एक नियम केला. चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याशिवाय इतर वनस्पतींचं तेल जास्तीत जास्त ५ टक्के चालेल, आणि तेही फक्त सहा वनस्पतींचं. त्या सहांत पाम आहे, साल आहे, आफ्रिकेतलं शिया आहे. आणि आहेत आपले दोघे: कोकम आणि आंब्याची कोय! कोकणात कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, गोव्यात ज्याला भिरंडेल म्हणतात ते, आजी थंडीत टाचांच्या भेगांना चोळायची. त्याची रचना कोकोच्या लोण्याशी इतकी जुळते, की ब्रसेल्सला कागदोपत्री त्याची दखल घ्यावी लागली. वितळायला त्याला ४० अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून उष्ण हवेत चॉकलेट ताठ ठेवायला ते कामी येतं. आणि आपण कोय उकिरड्यावर टाकतो!

गोळीबंद

मार्शमॅलो घरी करायचं म्हटलं की लोक दचकतात. खरं तर ते रव्याच्या लाडवाच्या पाकाची पुढची पायरी आहे, वर फक्त घोटायची मेहनत. पाव वाटीपेक्षा कमी, म्हणजे ३० मिलिलिटर गार पाण्यात ५ ग्रॅम जिलेटिन भिजत घाला. पातेल्यात १०० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि ३० मिलिलिटर पाणी उकळा. थर्मामीटर असेल तर ११५ अंश. नसेल तर थंड पाण्यात थेंब टाका आणि त्याची बोटात मऊ गोळी होते का पाहा. हा आपला गोळीबंद पाक. साधं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, मग पाक कसा जातो? पाणी उडत जातं तशी साखर दाटते आणि उकळबिंदू चढतो. गोळीबंदला पाकात साधारण ८५ टक्के साखर असते. जाणत्या बायका बोटांत तार धरतात तेव्हा त्या याच टक्केवारीचा अंदाज घेत असतात, थर्मामीटरशिवाय. ग्लुकोज कशाला, तर साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून. पाकात लिंबू पिळण्यामागचं कारणही तेच: आंबटपणानं साखर फुटून तिचे दोन तुकडे होतात आणि मग ती शिस्तीत रांग लावून स्फटिक बनू शकत नाही.

पाक जिलेटिनवर ओता आणि इलेक्ट्रिक बीटरनं सात-आठ मिनिटं फेटा. (पाक ओतताना पोरांना स्वयंपाकघराबाहेर काढा. तो कातडीला चिकटतो आणि पाण्यापेक्षा जास्त भाजतो.) पारदर्शक पाक बघता बघता पांढराशुभ्र होतो आणि दुप्पट-तिप्पट फुलतो. यात पांढरा रंग कुठेच नाही, हवेचे लाखो बुडबुडे प्रकाश विखुरतात. पाकीट विकत आणता तेव्हाही त्यातली निम्म्याहून अधिक जागा हवेची असते. बटाट्याच्या वेफर्सवाल्यांना आपण पाकिटातल्या हवेवरून बोल लावतो, मार्शमॅलोवाल्यानं तर ती पदार्थातच कोंबली आणि कोणी तक्रार केली नाही.

शेवटी व्हॅनिला घाला, आणि घालताना एडमंड आल्बियस या मुलाचं नाव घ्या. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावरचा हा बारा वर्षांचा गुलाम. मेक्सिकोतून आणलेल्या व्हॅनिलाच्या वेलींना तिथे फुलं येत, पण शेंगा धरत नसत. मोठमोठ्या बागाईतदारांना ते कोडं सुटेना. १८४१ मध्ये या पोरानं काडी आणि अंगठा वापरून फुलाचं परागीभवन करून दाखवलं, काही क्षणांत. आजही जगभर व्हॅनिला याच हातोटीनं पिकवतात. बेटवाल्यांनी पैसा केला. आल्बियस स्वतंत्र झाला तो १८४८ मध्ये गुलामगिरी उठल्यावर, आणि १८८० मध्ये गरिबीतच गेला.

हिरव्या ठिपक्याचं काय?

जिलेटिन येतं जनावरांच्या कातड्यातून आणि हाडांतून, म्हणून भारतात अशा पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण असते. शाकाहारी घरात पर्याय म्हणजे चायना ग्रास, अर्थात अगर-अगर. हे समुद्रातल्या लाल शेवाळापासून बनतं. स्वभाव दोघांचा निराळा. जिलेटिन लवचिक, ताणलं तर ताणतं आणि तोंडात विरघळतं. अगर ताठ, चावताच तुटतं. एकदा गोठलं की ८५ अंशांपर्यंत हलत नाही. मुंबईच्या उकाड्यात हा ताठरपणा गुणच ठरतो.

अगरच्या या गुणानं एका मोठ्या शोधाला हात दिला. १८८१ मध्ये जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणारे वाल्टर हेस जिलेटिनवर जंतू वाढवू पाहत होते. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, शिवाय काही जंतू ते खाऊनही टाकायचे. त्यांची बायको फॅनी जेली-पुडिंगमध्ये अगर वापरत असे. जावात राहून आलेल्या एका डच शेजारणीकडून ती हे शिकली होती. तिनं सुचवलं, अगर घालून बघा. पुढच्याच वर्षी कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला आणि त्या लेखात अगरचा उल्लेख केला. फॅनीचा केला नाही. आज जगातल्या प्रयोगशाळांत अगरच्या बशा असतात, त्या एका गृहिणीच्या पुडिंगमधून आलेल्या आहेत.

आणखी एक शाकाहारी वाट छोल्यांच्या पातेल्यातून जाते. २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाच्या ध्यानात आलं, की शिजवलेल्या कडधान्याचं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटलं जातं. काबुली चण्याचं पाणी आटवून, गार करून, पिठीसाखर घालून फेटा. पांढरा डोंगर उभा राहतो. कुकर उघडल्यावर ते पाणी ओतून देण्याआधी आता दोनदा विचार कराल.

फळांचा एक सापळा सांगून ठेवते. ताजा अननस, पपई आणि किवी यांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. जिलेटिनच्या मार्शमॅलोवर ताज्या अननसाची फोड ठेवलीत तर थोड्या वेळात खाली ओघळ दिसेल. डब्यातला अननस चालतो, तो शिजवलेला असतो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी निर्धोक. हंगामात तिच्यापुढे काही नाही.

जोडणी आणि जाळ

गार झालेल्या वाटीला आतून वितळलेल्या चॉकलेटचा एक हात फिरवा. त्यामुळे गनाशमधला ओलावा वाटीत मुरत नाही. मग दोन-दोन छोटे चमचे गनाश, ते आळलं की पायपिंग बॅगनं मार्शमॅलोचा तुरा. हात चालवा, जिलेटिन वाट पाहत नाही. तयार मार्शमॅलो वापरत असाल तर आडवं कापून अर्धं ठेवा, कापलेली चिकट बाजू खाली.

वरून ब्लो टॉर्च, नसेल तर ओटीजीचा फक्त वरचा रॉड, दीड-दोन मिनिटं. साखर तपकिरी होते आणि तिच्यासोबत जिलेटिनमधली प्रथिनंही. त्या दोघांच्या झटापटीतून तो खरपूस वास येतो. शेकोटीवर मार्शमॅलो भाजणाऱ्यांत दोन पंथ आहेत: निखाऱ्यावर सबुरीनं सोनेरी करणारे आणि जाळात धरून काळं करणारे. मी पहिल्या पंथातली आहे. दुसऱ्या पंथाचं म्हणणं मला पटलेलं नाही.

सबुरीवरून आठवलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी मुलांसमोर खाऊ ठेवला. आता खाल्लास तर एक, मी येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात यशस्वी झाली, असा डंका कित्येक वर्षं वाजला, पालकसभांत गाजला. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांवर पुन्हा पाहणी झाली तेव्हा परिणाम निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी आटला. ज्या घरात डबा भरलेला असतो तिथलं पोर थांबू शकतं. लगेच खाणाऱ्या पोराला उगीच बोलू नका.

अमेरिकेत ईस्टरला मिळणारी पीप्स नावाची मार्शमॅलोची पिल्लं १९५३ मध्ये हातानं पाडत, आणि एक पिल्लू तयार होऊन वाळायला २७ तास लागत. आता यंत्र ते सहा मिनिटांत करतं. तुमचे चोवीस टार्ट या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतील. कोऱ्या वाट्या डब्यात आठवडाभर टिकतात, त्या आधी करून ठेवा. भरलेले त्याच दिवशी संपवा. पावसाळ्यात तर तासाभरात मार्शमॅलोला घाम फुटतो, साखर हवेतलं पाणी ओढून घेते.

उरलेल्या मार्शमॅलोंचं काय करायचं?

पोरं घरात असतील तर सुई नसलेली सिरिंज घ्या. आत छोटं मार्शमॅलो, टोकावर बोट, आणि दट्ट्या मागे ओढा. ते फुगतं. दट्ट्या आत ढकला, सुरकुततं. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला वायूंचा नियम डोळ्यांसमोर.

दुसरा प्रयोग मायक्रोवेव्हचा. हे यंत्रही खाऊच्या वितळण्यातून जन्मलं: १९४५ मध्ये रडारवर काम करताना पर्सी स्पेन्सर या अमेरिकी अभियंत्याच्या खिशातला चॉकलेटचा बार विरघळला आणि त्यांची ट्यूब पेटली. मायक्रोवेव्हमधली फिरती ताटली काढून टाका. सपाट काचेच्या भांड्यात मार्शमॅलो एकाला एक चिकटून एकाच थरात मांडा आणि कमी पॉवरवर ठेवा. काही ठिकाणीच ते फुगून वितळायला लागतील. लगेच थांबवा आणि वितळलेल्या दोन जागांमधलं अंतर मोजा. साधारण ६ सेंटिमीटर निघेल. ही अर्धी लहर, दुप्पट केलं की १२ सेंटिमीटर. यंत्राच्या पाठीवर वारंवारता लिहिलेली असते, २४५० मेगाहर्ट्झ. दोन्हींचा गुणाकार करा: सेकंदाला २ लाख ९४ हजार किलोमीटर. प्रकाशाचा खरा वेग २ लाख ९९ हजार ७९२. फूटपट्टी आणि खाऊ एवढ्या सामग्रीवर दोन टक्क्यांची चूक म्हणजे पैकीच्या पैकी मार्क द्यायला हरकत नाही. भांडं गार व्हायच्या आत चमचे वाटा, कारण एकदा का ते काचेला घट्ट बसलं की घासायला गरम पाणी आणि बराच वेळ लागतो.